चार मिली

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे मिलीबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहून गेलं होतं. कुणी खिडकीशी येऊन म्हणालं, "कुत्र्यासाठी थोडं खोकल्याचं औषध द्या," की ती मान वर न करता विचारायची, "थोडं म्हणजे किती मिली?"

माणूस गडबडायचा. मग वजनाची चौकशी सुरू व्हायची.

"असेल पंधरा-वीस किलो."

"पंधरा की वीस? पाच किलोत फरक पडतो."

मग मालकाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, नंतर कुत्रा खाली ठेवून एकट्याने उभं राहायचं, आणि वजाबाकी मिलीबाईने तोंडी करायची. यात मालकाचं वजन चारचौघांत जाहीर व्हायचं. एकदा एक अंगाने भरलेले गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "बाई, माझं तेवढं कुठे लिहू नका." ती म्हणाली, "मी कुत्र्याचंच लिहिते. तुमचं तुम्ही लक्षात ठेवा."

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे फरशीचं अंगण. एका खोलीत डॉक्टरांचं पत्र्याने मढवलेलं टेबल, दुसरीत मिलीबाईची कपाटं, लसींचा फ्रीज आणि हात धुवायचं बेसिन, ज्याचा नळ सत्तावीस वर्षं गळत होता. अंगणात मोठं जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. ती या दवाखान्यात कारकून म्हणून लागली तेव्हा तिला बाटलीचं बूच कसं काढायचं इथपासून सगळं नवीन होतं. तिला कंपाउंडर केलं ते तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं बोलणं तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं.

"बाटलीत असतं तोवर औषध एकच," ते म्हणायचे. "अंगात गेलं की ते त्या जनावराच्या ताब्यात जातं. मग ते काय करेल ते त्या जनावराला विचारायचं."

आणि मग एकेक जनावर घेऊन बसायचे. माणूस डोकं दुखलं की जी गोळी घेतो, ती मांजराला विष. का, तर ती गोळी मोडून बाहेर टाकायचं काम जे यकृत करतं, त्या यकृतात मांजराकडे ते हत्यारच जेमतेम. गाईला जंतू मारायचं औषध तोंडाने पाजायचं नाही, कारण तिच्या पोटात चारा आंबवणारे जीव राहतात. ते मेले की गाय भरल्या गोठ्यात उपाशी. शेळी म्हणजे लहान गाय नव्हे. ती पुष्कळ औषधं भराभर बाहेर काढते. आणि गुंगीच्या औषधाबद्दल तर त्यांनी तिला बोट नाचवून सांगितलं होतं, "घोड्याला जेवढं, त्याचा दहावा हिस्सा गाईला. कान पकडून लक्षात ठेव. डुकराचं नावच काढू नको, ते एवढ्याने जांभईसुद्धा देत नाही."

त्यांनी तिला आणखी एक सवय लावली होती. त्यांनी सांगितलेलं औषध भरण्याआधी तिने ते परत म्हणून दाखवायचं. जनावर कोणतं, औषध कोणतं, किती. "मी चुकलो तर माझ्याच कानावर पडू दे," ते म्हणायचे. ती म्हणून दाखवायची. नंतर आलेल्या डॉक्टरांपुढेही म्हणत राहिली. दोन वर्षांपूर्वी आलेले सध्याचे डॉक्टर आधी हसले, मग त्यांना ते अंगवळणी पडलं. उंच, शांत माणूस. आधीची आठ वर्षं त्यांनी घोड्यांच्या एका मोठ्या फार्मवर काढली होती आणि घोड्याच्या खुराबद्दल बोलायला लागले की त्यांना जेवणाची शुद्ध राहायची नाही.

घरी मिलीबाई आणि तिची ताई, अशा दोघीच. एका स्टेशनरीच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला दोन खोल्या. दोघींनी लग्न केलं नाही. ताईचं ठरून मोडलं होतं आणि धाकटीचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. ताई बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगून तिचं तोंड दुखायचं नाही. घरी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज कोण कोण आलं होतं?" आणि मिलीबाई सांगायची. खिडकीतल्या गृहस्थाचं वजन, पोपट चावलेला इन्स्पेक्टर, सगळं. मिलीबाई मुळात अबोल. बोलायची ती एक दवाखान्यात, कामापुरती, आणि दुसरं संध्याकाळी, कारण ताई बोलून घ्यायची.

ताईला आजार निघाला आणि पाच महिन्यांत ती गेली. शेवटी शेवटी वेदनेचं पातळ औषध होतं. ते मिलीबाई सिरिंजने मोजून ताईच्या गालात सोडायची. तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. एका मंगळवारी सकाळी दूध तापत ठेवलं होतं, आणि तेवढ्यात ताई गेली. मिलीबाईने आधी गॅस बंद केला. मग येऊन बसली.

ती रडली नाही. दादा, म्हणजे दोघींचा थोरला भाऊ, दुसऱ्या गावाहून आला आणि हमसून हमसून रडला. तिने त्याला पाणी दिलं. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढून आल्यावर आपणच आपल्या गालाला बोट लावावं आणि गाल दुसऱ्या कुणाचा वाटावा, तसं तिला आतून झालं होतं. चार दिवसांनी ती कामावर गेली. सगळं तसंच चाललं. सकाळी डबा, दवाखाना, फ्रीजचं तापमान लिहिणं, संध्याकाळी घर. दादा दर रविवारी फोन करायचा. "जेवलीस का?" "जेवले." "झोप लागते का?" "लागते." दोन्ही खरं होतं. झोप तर गाढ लागायची.

एकच बदललं होतं आणि ते कुणाच्या नजरेत भरलं नाही. तिचं बोलणं आटलं. वजनाचा काटा ती बोटाने दाखवायची. चिठ्ठीवरचं औषध काढून द्यायची. डॉक्टरांनी सांगितलं की भरायची. परत म्हणून दाखवणं कोणत्या दिवशी थांबलं हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांना कधीतरी जाणवलं असावं, पण घरात माणूस गेलेल्या बाईला 'तुम्ही हल्ली म्हणून दाखवत नाही' असं कोण टोकणार?

सात आठवडे असे गेले.

त्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्याची गाडी घेऊन घोडेस्वारीच्या शाळेत गेले होते. एका घोड्याचा टोकदार झालेला दात कानशीने घासायचा होता. डॉक्टरांनी कडक औषधाची बाटली काढायला सांगितली, घोड्यांसाठीची, लाल बुचाची. गाईबैलांसाठी तेच औषध पाचपट पातळ मिळतं. ती हिरव्या बुचाची बाटली दवाखान्यातच होती, कारण सकाळी निघताना गाईचं काही ठरलेलं नव्हतं. घोड्याला चार मिली दिलं. घोड्याने मान खाली घातली, ओठ लोंबवला, दात छान घासून झाला. डॉक्टर खुशीत होते.

परतताना फोन आला. टायरच्या गोदामापुढे एक गॅरेज होतं, तिथल्या मेकॅनिकचा. गॅरेजच्या मागे त्याच्या बायकोचा गोठा होता, तीन गाईंचा. गोठा सगळा तिचाच. नवऱ्याला गाईचं पुढचं-मागचं एवढंच कळतं असं ती स्वतःच सांगायची. दवाखान्यात तिला गॅरेजवाली म्हणत. तिची तांबडी गाय मागच्या पायाने लंगडत होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

गोठा स्वच्छ होता. भिंतीला ओळीने बादल्या, दारात जुन्या टायरांची चळत, कोपऱ्यात पाण्याची टाकी. डॉक्टरांनी पाय बघायचा प्रयत्न केला तेव्हा गाईने लाथ झाडली आणि बादली पार दारापर्यंत गेली. खुरात पू झाला होता हे वासावरूनच कळत होतं. खूर कोरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"ही अशी उभी राहायची नाही," डॉक्टर म्हणाले. "जरा गुंगी देऊ. मिलीबाई, चार मिली भरा."

गॅरेजवाली गाईच्या गळ्याखाली हात फिरवत म्हणाली, "डॉक्टर, सात महिने भरलेत हिला. पोटुशी आहे."

डॉक्टर वाकून खूर कोरायची सुरी पुसत होते. "हो हो," ते म्हणाले. ऐकलं की नाही, कोण जाणे.

मिलीबाईने पेटी उघडली. लाल बुचाची बाटली हातात घेतली. तिला सगळं दिसलं. बाटली घोड्याची. चार मिली घोड्याचं. गाईला दहावा हिस्सा. आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर हे औषध शक्यतो द्यायचंच नाही, कारण त्याने गर्भाशय आवळतं. हे तिला आठवावं लागलं नाही. आपल्या घराचा जिना किती पायऱ्यांचा आहे हे जसं माहीत असतं, तसं ते माहीत होतं. पूर्ण वाक्य तयार होतं. ते तोंडापर्यंत आलं नाही, एवढंच झालं. समोर काचेपलीकडे काहीतरी चाललं आहे आणि आपण अलीकडे उभ्या आहोत, असं वाटलं. तिने बुचात सुई घातली, औषध चारच्या रेघेपर्यंत ओढलं, टिचकी मारून बुडबुडा वर काढला आणि सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टरांनी ती गाईच्या मानेच्या स्नायूत टोचली.

स्नायूतून औषध चढायला पाचदहा मिनिटं लागतात. त्या पाचदहा मिनिटांत मेकॅनिकने दोर आणला, डॉक्टरांनी त्याला सकाळच्या घोड्याची गोष्ट सांगितली, आणि मिलीबाई बाटली पेटीत ठेवायची सोडून हातातच धरून उभी राहिली. तेव्हाही सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

गाईने आधी मान टाकली. तोंडातून लाळेची तार लागली. मग ती घोरायला लागली, उभ्या उभ्या. मग पुढचे गुडघे गेले, आणि सगळं धूड एका कुशीवर असं आदळलं की टाकीतलं पाणी हिंदकळलं.

"अगं बाई," गॅरेजवाली म्हणाली. "हे असंच होतं का?"

 डॉक्टर गाईकडे बघत होते. मग मिलीबाईच्या हातातल्या बाटलीकडे.

"किती दिलं आपण?"

"चार."

"कुठल्यातून?"

तिने बाटली वर करून दाखवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण हात थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "आडवी ठेवायची नाही," ते म्हणाले. "छातीवर बसती करा. पोट फुगेल. टायर आणा, ते टायर."

मेकॅनिकने चळतीतले टायर लोटत आणले. चौघांनी मिळून गाईला ढकलून, पायाने रेटून सरळ केलं आणि दोन्ही बाजूंनी टायर लावून टेकवलं. तोंड उताराकडे ठेवलं, लाळ छातीत न जाता बाहेर पडावी म्हणून. डावी कूस ढोलासारखी वर यायला लागली होती. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून वायू काढला. गोठाभर आंबूस वास पसरला.

"उतारा दवाखान्यात आहे," डॉक्टर म्हणाले. "कपाटात—"

"दुसऱ्या फळीवर," मिलीबाई म्हणाली. ते तिच्या तोंडून आपसूक निघालं.

मेकॅनिकने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं. जाताना एक सिग्नल लागला. तो तोडावा की नाही म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. ती समोर बघत होती. तिच्या डोक्यात तेव्हा गाईच्या आत काय चाललं असेल ते अगदी स्पष्ट होतं. जागं राहायचा, सावध राहायचा एक निरोप नसांमधून सारखा जात असतो. पुरेसा गेला की नस स्वतःच थांबते. हे औषध त्या नसेच्या टोकाशी जाऊन बसतं आणि तिला पटवतं की निरोप पोचला, आता पाठवू नको. निरोप गेलेलाच नसतो. मग डोळे मिटतात, हृदय सावकाश चालतं, पोटाची हालचाल थांबते. उतारा करतो काय, तर त्या जागेवरून औषधाला उठवतो आणि स्वतः बसतो. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर रेघोट्या काढून हे समजावलं होतं. तिला त्या रेघोट्याही आठवत होत्या. भीती तेवढी वाटत नव्हती.

दुसऱ्या फळीवर उताऱ्याची एक बाटली होती. परत यायला पंचवीस मिनिटं लागली. तोवर डॉक्टर गाईच्या मानेशी बसून श्वास मोजत होते आणि गॅरेजवाली गाईच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरून होती. उतारा टोचला. पाव तासाने गाईने कान हलवला. मग डोकं उचललं, पुन्हा टाकलं, पुन्हा उचललं. उभी राहायला तिला दुपारचे चार वाजले. दरम्यान ती गुंगीत होती तोवर डॉक्टरांनी खूर कोरून पू काढला. ते काम राहून गेलं नाही.

हात धुताना मिलीबाई त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"औषध भरताना. गाईला दहावा हिस्सा लागतो ते. आणि पोटुशीचंही."

डॉक्टरांनी नळ बंद केला. "मग?"

"मग काही नाही. भरलं."

ते गाडीत बसल्यावर म्हणाले, "सांगितलं मी, टोचलं मी. सकाळच्या घोड्याची सवय हातात राहिली होती. वरच्या कार्यालयात मी कळवणार आहे."

"मीही लिहिणार."

"तुम्ही कशाला? तुमचं काम सांगितलेलं भरायचं."

"माझं काम तेवढंच नाही," मिलीबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवालीचा फोन आला. तिने फक्त, "या," म्हटलं.

गाईने वासरू टाकलं होतं. मेकॅनिकने ते ताडपत्रीत गुंडाळून भिंतीशी ठेवलं होतं. डॉक्टरांनी ताडपत्री बाजूला केली. बारीक, ओले केस, मिटलेले डोळे, खुरं अजून मऊ आणि पिवळट. कालवड होती. मिलीबाईने बघितलं. पोटात गोळा यायला हवा होता, हे तिला कळत होतं. तिने वाट बघितली. आला नाही.

"त्या औषधानेच ना?" गॅरेजवालीने विचारलं.

"बहुतेक त्यानेच," डॉक्टर म्हणाले. "चूक माझी आहे. मी लेखी देतो तसं."

मिलीबाई म्हणाली, "चूक भरताना मला दिसली होती. मी बोलले नाही."

गॅरेजवाली तिच्याकडे वळली. तिचे डोळे सुजले होते. "दिसली होती?"

"हो."

"मी शेजारीच उभी होते. सात महिने भरलेत म्हणून सांगत होते. मग बोलला का नाहीत?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? डॉक्टरांना घाबरता?"

"नाही."

"मग काय माझ्यावर राग होता?"

"नाही हो."

गॅरेजवालीला ते उत्तर पचलं नाही, आणि पचण्यासारखं नव्हतंच. तिने ताडपत्री परत नीट झाकली, जशी कुणी चादर सारखी करतं.

वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, अजून पडला नव्हता. गर्भ गेल्यावर वार असा आत अडकून राहतो आणि सडतो. डॉक्टरांनी पाच दिवसांची इंजेक्शनं लिहिली. पुढे गाईला दूध उतरेल ते किती दिवस वापरायचं नाही, हे सांगायचं काम मिलीबाईचं होतं. ती सांगायला लागली. औषध रक्तातून दुधात उतरतं. शेवटच्या इंजेक्शनानंतरही बाटलीवर लिहिलेत तेवढे दिवस ते दूध विकायचं नाही, घरात घ्यायचं नाही, दुसऱ्या वासरालाही पाजायचं नाही. वेगळ्या बादलीत काढायचं आणि ओतून द्यायचं. सगळं क्रमाने, नेहमीच्या आवाजात.

गॅरेजवालीने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता येतंय की बोलता तुम्हाला."

मिलीबाईने पेटीचं झाकण लावलं. 

पाच दिवस ती एकटीच जात होती. दुपारी डबा संपवून बसने टायरच्या गोदामापर्यंत, तिथून पायी. गॅरेजवाली दार उघडायची, गाय धरायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. तिच्याऐवजी नवऱ्याने धरलं असतं तरी चाललं असतं, पण गाय तिची होती. मिलीबाई तापमान बघायची, आकडा म्हणायची, इंजेक्शन भरायची. "गाय. जंतूंचं औषध. वीस मिली," असं ती पुन्हा म्हणू लागली होती. ऐकायला डॉक्टर नव्हते. गॅरेजवाली दुसरीकडे बघत ऐकायची. एकदा मात्र म्हणाली, "काल दोन जागी दहा-दहा दिलं होतं."

"आजही तसंच देणार. एका जागी वीस दिलं तर गाठ येते."

"मग तसं म्हणा."

"गाय. जंतूंचं औषध. दोन जागी दहा-दहा मिली."

चौथ्या दिवशी वार पडला आणि गाय आतून स्वच्छ करायला डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी घेऊन मिलीबाई मागे गेली. एवढ्या वर्षांत जनावराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवशी ती चुकीच्या बाजूला उभी राहिली. लाथ नडगीवर बसली. बादली उलटली, मिलीबाई भिंतीवर आपटली आणि खाली बसली.

"लागलं?" गॅरेजवालीने विचारलं.

मिलीबाईने सलवार वर केली. नडगीवर कातडी सोलून निघाली होती आणि डोळ्यांदेखत गाठ चढत होती. कळ गुडघ्यापर्यंत जात होती.

"दुखतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा, "फार दुखतंय."

"दुखणारच. तिची लाथ आहे." गॅरेजवालीने एक टायर पायाने ढकलत आणला. "बसा यावर. जमिनीवर ओल आहे."

ती बसली. गॅरेजवालीने फ्रीजमधून गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी आणून नडगीवर ठेवली आणि स्वतः उलट्या बादलीवर टेकली.

"घरी कोण आहे बघायला?"

"कुणी नाही. ताई होती."

"कुठे गेली?"

"वारली. नऊ आठवडे होतील मंगळवारी."

गॅरेजवालीने गाईकडे बघितलं. गाय चारा ओढत होती, तिला कशाचंच काही नव्हतं. "म्हणून असं झालं का तुमचं?" तिने विचारलं.

"असेल. मला सांगता येत नाही. तेव्हाही काही वाटलं नाही, तुमचं वासरू बघितलं तेव्हाही नाही."

"मला वाटलं," गॅरेजवाली म्हणाली. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या." मग जरा थांबून, "तुमचं दुःख तुमच्या जागी. पण तुम्ही बोलायला हवं होतं."

"हो."

"ते मी विसरणार नाही."

"नका विसरू," मिलीबाई म्हणाली.

पाचव्या दिवशी ती लंगडत गेली आणि शेवटचं इंजेक्शन देऊन आली. त्यानंतर गोठ्यात तिचं जाणं झालं नाही. गॅरेजवालीच्या गाईंना बघायला पुढेही डॉक्टरच जात राहिले. तिने दवाखाना बदलला नाही, एवढं खरं. वरच्या कार्यालयाने दोघांना लेखी ताकीद दिली. डॉक्टरांनी ताकिदीचा कागद फाइलला लावला आणि लाल बुचाच्या बाटल्यांसाठी वेगळी पेटी केली, कुलपाची. किल्ली मिलीबाईकडे दिली. याबद्दल दोघांत पुन्हा बोलणं झालं नाही, पण ते औषध सांगितलं की डॉक्टर तिच्याकडे बघत थांबायचे, आणि ती म्हणून दाखवीपर्यंत हात पुढे करायचे नाहीत.

पाय तीन आठवडे दुखला. जिना चढताना जास्त. दादाने रविवारी विचारलं, "कशी आहेस?" तेव्हा ती म्हणाली, "नडगी दुखतेय. गाईने लाथ मारली." मग तिने त्याला सगळं सांगितलं, चार मिलीपासून. दादा शेवटी म्हणाला, "मी येऊ का?" ती म्हणाली, "ये." तो आला, तीन दिवस राहिला. दोघांनी ताईचं कपाट आवरलं. डेपोचे तीन बिल्ले निघाले, वेळापत्रकांचे जुने गठ्ठे निघाले. दादा प्रत्येक वस्तूला थांबत होता. ती घड्या घालत होती.

तिचं रडणं आणखी पुष्कळ दिवसांनी आलं, आणि भलत्याच ठिकाणी. चष्म्याची काडी ढिली झाली म्हणून ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात गेली होती. दुकानदाराने स्क्रू पिळून दिला आणि म्हणाला, "थांबा हं, तुमच्या ताईंचा एक तयार होऊन पडलाय. न्यायलाच आल्या नाहीत." त्याने खण उघडून एक चष्मा काढला. तपकिरी, जरा मोठ्या फ्रेमचा. तिने तो कधी पाहिला नव्हता. ताईने आजार निघायच्या आधी करायला टाकला असणार आणि तिला नवीन फ्रेम दाखवून चकित करायचं ठरवलं असणार, नाहीतर नुसती विसरली असणार.

"पैसे दिलेले आहेत," दुकानदार म्हणाला. "नंबर बरोबर आहे का, एकदा लावून बघायला सांगा."

मिलीबाईने तो काउंटरवरून उचलला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. दुकानदार शहाणा होता. त्याने दुसरं गिऱ्हाईक बाहेरच्या बाकावर बसवलं, पंखा वाढवला आणि आपल्या कामाला लागला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, चष्मा रुमालात गुंडाळला.

"डबी देऊ?" त्याने विचारलं.

"द्या," ती म्हणाली.